मिस्तरीचा वस्तरा

पिन पुढे पाहिजे होती. मी मागे सांगितली. चुकून नाही, जाणूनबुजून सांगितली, आणि सांगताना मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या मोताळ्यात अजूनही एखादी नवी वस्तू घरी नेताच बिघडली, की लोक म्हणतात, "हा त मिस्तरीचा वस्तरा निंघाला." म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी तो वस्तरा पाहिलेला नाही, आणि काहींनी मिस्तरींनाही पाहिलेलं नाही. मी दोघांनाही पाहिलं आहे. त्या वस्तऱ्यात मिस्तरींचा काही दोष नव्हता. दोष मी घातला. हे एकदा कागदावर यावं म्हणून लिहायला बसलो आहे. माफीसाठी नाही. ज्यांच्याकडे मागायची ते मिस्तरी आणि माझे वडील, दोघंही आता नाहीत.

आम्ही म्हाली, म्हणजे पुण्याकडे ज्यांना न्हावी म्हणतात ते. एस.टी. स्टँडच्या रस्त्याला आमचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, वडील आणि मी. शेजारी मिस्तरींचं दुकान. कुलपं, स्टोव्ह, लग्नातल्या गॅसबत्त्या, जे काही बंद पडेल ते मिस्तरी चालू करून देत. ते मुसलमान होते, वडिलांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि त्यांची दाढी छातीपर्यंत आलेली. पहिल्यांदा फुटली तेव्हापासून तिला पातं लागलेलं नव्हतं. आमच्या दोन दुकानांमध्ये फक्त एक पत्रा होता. इकडचं बोलणं तिकडे ऐकू जाई, आणि वडील अन् मिस्तरी दिवसभर पत्र्यातूनच गप्पा मारत. मी मध्ये काही बोललो तर दोघंही गप्प होत.

माझ्या रागाची सुरुवात एका लग्नात झाली. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्याकडे नवरदेवाची दाढी मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर होते, आणि ती करण्याचा मान घरच्या म्हाल्याचा. वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा तो मान मला दिला. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. नवरदेवाच्या हनुवटीवर एक पुटकुळी होती. मला ती दिसली होती, पण बायका गाणी म्हणत होत्या, कोणीतरी नवरदेवाला गुदगुल्या केल्या, आणि वस्तरा लागला. हळदीच्या पिवळ्या धोतरावर रक्ताचे दोन-तीन थेंब पडले.

तेवढ्यावर भागलं असतं. तुरटी लावली असती, लोक विसरले असते. पण मिस्तरी मांडवाच्या खांबाशी बसून बत्त्यांमध्ये रॉकेल भरत होते. ते तिथून मोठ्यानं म्हणाले, "काऊन बे, नवरदेवाची दाढी करून राह्यला का पपई सोलून राह्यला?"

सगळा मांडव हसला. त्यात माझे वडीलही हसले. मिस्तरींचा टोमणा मी कदाचित पचवला असता. वडिलांचं हसू मात्र मला आजही ऐकू येतं. हसत हसतच त्यांनी माझ्या हातातून वस्तरा घेतला आणि उरलेली दाढी स्वतः केली.

त्या दिवसापासून माझं नाव 'पपई' पडलं. "पपई हाये काय दुकानात?" असं विचारत गिऱ्हाइकं येऊ लागली. पुढच्या वर्षी धाड गावाकडचं एक स्थळ आलं. मुलगी चांगली होती, मी तिला एकदा पाहिलं होतं, तिलाही मी पसंत होतो असं तिच्या मावशीनं कळवलं होतं. मुलीचे वडील घर बघायला आले, आणि एस.टी.तून उतरून त्यांनी आमचं दुकान कुठे म्हणून विचारलं. स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं, "कोन, पपई? हे काय समोर." पपई का म्हणतात, तेही त्यानं हौसेनं सांगितलं. पाहुणे दुकानात आले, पाणी प्याले, माझ्या हातांकडे बघत बसले आणि परत गेले. ज्या म्हाल्याच्या हाताला कापतो असं नाव पडलं, त्याच्या घरी मुलगी कोण देणार? धाडहून नकार आला तो दिवस मला पाठ आहे. पत्र्याच्या पलीकडे मिस्तरी स्टोव्हला पंप मारत होते, आणि त्या प्रत्येक दणक्याला मी मनात म्हणत होतो, तुझं पण असंच होईल. भर बाजारात होईल.

मी वाट पाहिली. पुढे साखरखेर्ड्याच्या मुलीशी माझं लग्न झालं, ती मला पुरून उरली, पण मी वाट पाहणं सोडलं नाही.

मग वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप हातात धरला की चहा हिंदकळायचा. मग वस्तरा. गिऱ्हाइकांनी काही न बोलता माझ्या खुर्चीकडे सरकायला सुरुवात केली, आणि एक दिवस वडिलांनी आपली पेटी बंद करून ठेवली. गिऱ्हाइकांचं ठीक होतं, पण स्वतःच्या दाढीचं काय? म्हाली सहसा आपली दाढी आपण करत नाही. दोन म्हाल्यांची जोडी असते, ते एकमेकांची करतात. वडिलांचा जोडीदार वारला होता. त्यानंतर ते स्वतःच करत असत, आता तेही जमेना.

मी म्हणालो, "बाबा, बसा. मी करून देतो."

ते म्हणाले, "तुह्या हाताखाली मी मान नाई देत."

इतकं सरळ. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी फडकं झटकलं.

पत्र्याच्या पलीकडून मिस्तरींनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "दादा, मी तुमाले असा वस्तरा बनवून देतो का हात हालो का डोलो, पातं गालावरून हटनार नाई. तुमची दाढी तुमच्याच हातानं."

वडिलांचा चेहरा त्या वेळी कसा उजळला ते मी आरशात पाहिलं. तीस वर्षं अख्ख्या गावाचे गाल ज्यांनी गुळगुळीत केले, त्या माणसाला आता एवढंच पाहिजे होतं, की आपली दाढी आपल्या हातानं व्हावी आणि पोराच्या हाताखाली मान द्यावी लागू नये. आणि ते त्यांना मिस्तरी देणार होते.

मिस्तरींची कल्पना साधी होती. साध्या वस्तऱ्यात पातं आणि मूठ एकजीव असतात. गाल संपून जबडा सुरू झाला, की करणाऱ्याला मनगट वळवावं लागतं. वडिलांचं मनगट तेच करू शकत नव्हतं. मग मनगटाऐवजी वस्तऱ्याचं डोकंच वळलं तर? मिस्तरींनी पितळी पत्र्याची बोटभर लांब डबी केली. तिच्यात दाढीचं अर्धं ब्लेड बसायचं. डबीला दोन बाजूंना दोन छोटे कान, कानांत आडवी पिन, आणि त्या पिनेवर डबी झोपाळ्यासारखी पुढे-मागे डुलायची. कुलपातली एक बारीक स्प्रिंग तिला परत जागेवर आणायची. मूठ गॅसबत्तीच्या पंपाच्या नळीची. मुठीच्या टोकाला खाच होती, तिच्यात डोकं सरकवायचं, आणि बोथट झालं की सरकवून काढायचं, दुसरं लावायचं. "डोकं बदलता येते, मूठ जनमभर तेच," असं मिस्तरी अभिमानानं सांगत.

पण मिस्तरींनी आयुष्यात कधी दाढी केली नव्हती. पातं गालावर कसं चालतं हे त्यांना बघून ठाऊक होतं, हाताला ठाऊक नव्हतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, "हात करते बाप्पा, मले काय सांगता येते!" म्हणून एका दुपारी मिस्तरी माझ्याकडे आले. हातात ती डबी, अजून पिन न बसवलेली.

"बाबू, एक सांग. पिन कुठं घेऊ? पात्याच्या पुढं का मांगं?"

मी वस्तरा चामड्यावर घासत होतो. घासणं थांबवलं नाही.

उत्तर मला माहीत होतं. दाढी करताना आमचा डावा अंगठा पात्याच्या पुढची कातडी ताणून धरतो, आणि हात वळतो तो त्या अंगठ्याभोवती. म्हणजे वळण्याची जागा पात्याच्या पुढे. ओढलेली गाडी बैलामागे सरळ येते, मागून ढकलली तर तोंड फिरवते. पिन पुढे असली तर पातं मागून मुकाट्यानं ओढलं जातं. पिन मागे असली तर राठ केसाला अडताच डोकं पुढे कोलमडतं आणि पातं कातडीत घुसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते माझ्या अंगठ्यात होतं.

"मांगं," मी म्हणालो.

"पक्कं?"

"चाचा, मी म्हाली हाव का तुमी?"

ते हसले. "तू, बाबा, तू. आपन बत्तीवाले." आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले. त्या थापेनंही मी विरघळलो नाही.

त्यांनी वस्तरा आपल्या डाव्या हातावर चालवून पाहिला. हातावरचे केस मऊ, त्यामुळे वस्तरा लोण्यासारखा चालला. कोपरापर्यंत हात तुळतुळीत करून ते बाजारपेठेत सगळ्यांना दाखवत फिरले. "चाचा, हातावर उन्हाळा आला काय?" म्हणून लोक चेष्टा करत आणि ते खुश होत. गालावर पहिली दाढी कोणाची, तर वडिलांनी बजावलं होतं, "पयला हात माहा." दिवस ठरला बाजाराचा. वडिलांनाच तो दिवस पाहिजे होता. त्यांना लोकांसमोर करून दाखवायचं होतं.

त्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी. वडिलांनी आठवडाभराची वाढलेली दाढी भिजवली, साबण लावला. त्यांचा हात थरथरत होता आणि वस्तऱ्याचं डोकं त्याबरोबर डुलत होतं. डाव्या गालावर दोन ओढी अगदी स्वच्छ उतरल्या. कोणीतरी "वाह!" म्हणालं. वडिलांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते मला बरोबर कळलं. तुझी गरज नाही.

मग वस्तरा जबड्याच्या वळणावर आला. तिथले केस राठ. डोकं अडलं, पुढे कोलमडलं आणि घुसलं. वडिलांनी दचकून हात ओढला, तसं पातं हनुवटीपर्यंत चिरत आलं.

फार खोल नव्हतं. पण साबणात मिसळलेलं रक्त आहे त्याहून जास्त दिसतं. ते गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. मिस्तरींनी धावत येऊन आपला रुमाल दाबला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दाढीवाला दाढीचं यंत्र बनवते, मंग काय होईन!" लोक हसले. अगदी तसेच हसले, मांडवात हसले होते तसे. मी तुरटीचा खडा हातात घेऊन उभा होतो, आणि खोटं कशाला लिहू, माझ्या पोटात गुळाचा खडा विरघळावा तसं वाटलं.

फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती. वडील मिस्तरींना म्हणाले, "वस्तऱ्याचा दोष नाई, मिस्तरी. हात गेला माहा. आता काई खरं नाई."

त्यांनी दोष स्वतःच्या हातावर घेतला. गावानं दोष मिस्तरींवर टाकला. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसानंतर वडील दुकानात आले नाहीत. दाढी वाढू दिली. जे म्हालीबंधू "करून देतो" म्हणत आले, त्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. मिस्तरी घरी गेले, तर वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लाजेनं. मिस्तरींना मात्र वाटलं, रागानं. वस्तरा दुकानातच खुंटीला लटकत राहिला.

इथवर जे झालं ते रागाच्या भरात झालं, असं मी कधीकधी स्वतःला सांगतो. पुढचं तसं नाही. पुढचं मी थंड डोक्यानं केलं.

दोन-तीन आठवडे गेले. त्या दिवसांत मिस्तरी जबड्याभोवती उपरणं बांधून फिरत होते. दाढ दुखते असं सांगत. एका सकाळी माझ्या दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा ते आत आले आणि त्यांनी उपरणं सोडलं. डाव्या जबड्याखाली हाताच्या पंजाएवढी जागा केसांवाचून उघडी होती. तिच्यावर जुने-नवे सात-आठ काप. कडेचे वाळून काळे पडलेले, आणि मधला भाग स्वच्छ, गुळगुळीत, एक ओरखडा नसलेला.

ज्या दाढीला जन्मात पातं लागलं नव्हतं, ती त्यांनी माझ्या एका खोट्या शब्दापायी खरवडली होती. पिन कुठे पाहिजे हे शोधायला दुसरा गाल त्यांच्याजवळ नव्हता.

त्यांनी मूठ उघडली. आत नवं डोकं होतं. पिन पात्याच्या पुढे.

"तुले माहीत होतं बे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी फडक्याची घडी घालू लागलो.

"जाऊ दे. खाच तेच हाये. जुनं डोकं काढून फेक, हे सरकवून दे अन् दादाले ने. मी गेलो त ते तोंड फिरवतेत. मिस्तरीनं बनवलं म्हनू नको. तूच बनवलं म्हून सांगजो. लेकानं बनवलं म्हनशीन त करतीन ते."

डोकं माझ्या हातावर ठेवून ते गेले. उपरणं पुन्हा बांधून घेतलं आणि गेले.

काय करायचं होतं मला? खुंटीवरचा वस्तरा काढायचा, जुनं डोकं सरकवून बाहेर, नवं आत. दोन क्षणांचं काम. घर दोन गल्ल्या सोडून. पण मला संतापानं काही दिसेना. माझ्या अंगठ्यात जे होतं ते या माणसानं स्वतःच्या जबड्यावरून काढून घेतलं, माझं पाप ओळखलं, आणि वरून मला वडिलांसमोर मोठं करायला निघाला होता. मांडवात मला पपई केलं, आणि आता माझ्यावर उपकार? ते डोकं मी तुरटीच्या डब्यात टाकलं, डबा फळीवर मागे सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

वडील त्यानंतर सात महिने जगले. त्या सात महिन्यांत मी दिवसातून कितीतरी वेळा त्या डब्याकडे पाहिलं. म्हाल्यांत सगळ्यांत स्वच्छ हात असलेला माणूस छातीवर पांढरी दाढी घेऊन गेला. तिरडीला खांदा द्यायला मिस्तरी आले होते. त्यांनी वडिलांच्या दाढीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. दहाव्याला माझं डोकं आणि मिशी उतरवली तेव्हा पातं टाळूवर फिरत होतं, आणि मी डोळे मिटून तीच नजर पाहत होतो.

मिस्तरी पुढे पुष्कळ वर्षं जगले. त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. 'मिस्तरीचा वस्तरा' हे बोलणं गावात रुजलं, त्यांच्या तोंडावर लोक ते म्हणत, आणि पत्र्याच्या या बाजूला मी ते ऐकत असे. एकदा जरी त्यांनी ओरडून माझं नाव घेतलं असतं, तर मी सुटलो असतो. रोज सकाळी दुकान उघडताना ते म्हणत, "काऊन बाबू, बरं हाये ना?" मला वाटतं त्यांचा सूड तोच होता. तसं नसेल, ते खरोखरच विचारत असतील, तर ते त्याहून वाईट.

आता माझा हात थरथरतो. उजवाच. अलीकडे मुलानं मला दाढीचा नवा वस्तरा आणून दिला, प्लॅस्टिकच्या मुठीचा, डुलत्या डोक्याचा, डोकं खटकन निघणारा. "तुमच्यासारख्यासाठीच काढलेत हे," तो म्हणाला. मी चष्मा लावून तो उलटासुलटा पाहिला. डोकं ज्या जागेभोवती डुलत होतं ती जागा पात्याच्या पुढे होती. त्या दिवशी मी जेवलो नाही. फळीवरून तुरटीचा डबा काढला. डोकं हिरवं पडलं होतं, स्प्रिंग मात्र शाबूत होती. चिंच लावून घासलं, नवं ब्लेड बसवलं, खुंटीवरच्या जुन्या वस्तऱ्याचं डोकं काढून त्याच मुठीत सरकवलं. बसलं.

मिस्तरींच्या मुलाचं आता मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. मी बाजाराच्या दिवशी तिथे गेलो. साबण, वाटी, आरसा घेऊन. बाकावर पाच-सहा शेतकरी बसले होते. त्यांच्यासमोर मी सगळं सांगितलं, आता लिहिलं आहे तसंच, पिनेसकट. मग गालाला साबण लावला आणि म्हणालो, "आता पहा, मिस्तरीचा वस्तरा कसा असते."

हात थरथरत होता. डोकं डुललं, जबड्याच्या वळणावर वळलं, अडलं नाही. डावी बाजू पूर्ण झाली. रक्ताचा थेंब नाही. बाकावरचा एक जण म्हणाला, "भल्ली चीज बनवली होती चाचानं." ते शब्द ऐकायलाच मी आलो होतो. मी उजव्या गालाकडे वळलो.

तेवढ्यात मिस्तरींचा मुलगा गल्ल्यामागून उठून आला. हा वडिलांसारखा बोलका नाही.

"पन्नास वर्षं डब्यात ठेवलं?"

"हाव."

"फेकलं काऊन नाई?"

"फेकवलं नाई."

"तुमच्या वडलाले नाई देल्लं. अन् आता सोताची दाढी कराले काढलं?"

त्यानं माझ्या हातातून वस्तरा घेतला. डोकं खाचेतून सरकवून काढलं, साबण आपल्या पॅन्टला पुसला आणि ते खिशात ठेवलं. रिकामी मूठ मला परत दिली.

"डोकं अब्बाचं हाये. जा आता."

मला राग आला. या वयात, एवढं सगळं कबूल केल्यावरही, माझ्या हाताची मूठ वळली. मग मी वाटी उचलली आणि अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून बाजारातून चालत निघालो. भाजीवाल्या बायका हसल्या. चहाच्या गाडीवर बसलेला माझ्या वयाचा एक जण ओरडला, "काऊन बे पपई, अर्धीच सोलली काय?" मी मान खाली घातली नाही. साबणही पुसला नाही. घरी येईपर्यंत तो वाळून कातडी ओढू लागला होता.

सून प्लॅस्टिकचा वस्तरा घेऊन आली. मी नको म्हणालो. त्याला दोन महिने झाले. आता दोन्ही बाजू सारख्याच वाढल्या आहेत.